विसर्गाच्या जागी कोलन का चालत नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या पावसाळ्यात आपल्या रविवार पुरवणीत मनःस्वास्थ्यावर एक फार चांगला लेख आला होता. तो एका मैत्रिणीला पाठवावा म्हणून मी आपल्या संकेतस्थळावर 'मनःस्वास्थ्य' हा शब्द टाकून शोध घेतला. काहीच सापडलं नाही. मग विसर्ग पुसला, त्या जागी कोलन टाकलं आणि पुन्हा शोधलं. लेख लगेच समोर आला. लेखकाने शब्द शुद्ध लिहिला असेल, मुद्रितशोधकाने शुद्ध वाचला असेल, छापील अंकात तो डोळ्यांना शुद्धच दिसला. पण संगणकाच्या लेखी तो मराठी शब्द नव्हताच. 'मन' हा एक तुकडा, मध्ये इंग्रजीतलं एक विरामचिन्ह आणि पुढे 'स्वास्थ्य' हा दुसरा तुकडा, अशी त्याची नोंद होती.

हे पत्र त्या दोन टिंबांबद्दल आहे. विषय बारीक वाटेल, पण माझं पोट याच बारकाव्यांवर चालतं. नाशिकला रविवार कारंजाजवळ आमचं अक्षरजुळणीचं दुकान आहे. वडील छापखान्यात शिशाचे खिळे जुळवत. मी त्याच धंद्यात संगणकावर बसते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, रामकुंडावरच्या गुरुजींच्या पोथ्या, पीएच.डी.चे प्रबंध असं सगळं आमच्याकडे येतं. वडिलांच्या काळात विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचा, म्हणजे कोलनचा, खिळा लागला तरी कुणाचं बिघडत नसे, कारण छापलेला कागद फक्त माणूस वाचणार होता. आज तोच मजकूर माणसाच्या आधी यंत्र वाचतं. शोधतं, क्रम लावतं, मोठ्याने वाचून दाखवतं, भाषांतर करतं. यंत्राला टिंबं दिसत नाहीत, त्यांचा क्रमांक दिसतो.

कोलनचा क्रमांक ५८. हा अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या इंग्रजी संकेतावलीतला, आणि आजही तोच आहे. जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारी संकेतावली म्हणजे युनिकोड. तिच्यात आपल्या विसर्गाचा क्रमांक ०९०३. चंद्रबिंदू ०९०१, अनुस्वार ०९०२, विसर्ग ०९०३ असे ते तिघे ओळीने बसलेले आहेत, आणि १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून बसलेले आहेत. म्हणजे विसर्गाला जागा नाही म्हणून कोलन वापरावं लागतं, असं म्हणायला अजिबात वाव नाही. शिवाय युनिकोडच्या दफ्तरी दोघांचे प्रकारही निराळे. कोलन हे विरामचिन्ह आहे, तर विसर्ग हे अक्षराला जोडून येणारं चिन्ह, आपल्या काना-मात्रांच्या जातीचं. दिसायला सारख्या पण मुळात वेगळ्या असलेल्या चिन्हांची युनिकोडने एक यादी केली आहे. आपला विसर्ग तिच्यात कोलनच्या शेजारी नोंदवलेला आहे, तो गफलत टाळावी म्हणूनच.

खात्री करायची असेल तर आपल्या कार्यालयातही एका मिनिटात करता येईल. वर्डमध्ये त्या टिंबांच्या लगेच पुढे कर्सर ठेवा आणि ऑल्टसह एक्सची कळ दाबा. चिन्हाच्या जागी त्याचा क्रमांक उमटतो. पुन्हा तीच कळ दाबली की चिन्ह परत येतं. खरा विसर्ग असेल तर ०९०३ येईल. कोलन असेल तर ००३ए, म्हणजे ५८च, फक्त संगणकाच्या सोळाच्या पाढ्यात मांडलेले. आमच्या दुकानात कुठलाही मजकूर आला की मी आधी ही कळ दाबून बघते.

याच कळेमुळे एकदा माझ्या पडद्यावर १३६१ हा आकडा आला. तिथपासून मला या दोन टिंबांचं खरं महत्त्व कळलं, म्हणून तो प्रसंग सविस्तर सांगते.

पुणे विद्यापीठात शिकणारा एक इथिओपियन संशोधक विद्यार्थी नाशिकला आला होता. त्याला शरणपूर बघायचं होतं. आपल्या वाचकांपैकी अनेक जण शरणपूर रोडवरून रोज जातात, पण त्या नावामागचा इतिहास फार थोड्यांना माहीत असतो. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या पूर्व आफ्रिकेतल्या मुलांना मिशनऱ्यांनी इथे आणून शिकवलं होतं. जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. १८७३ मध्ये प्रसिद्ध मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा आफ्रिकेत मृत्यू झाला, तेव्हा तिथल्या झाडावर त्याच्या नावाची अक्षरं कोरली ती नाशिकला शिकलेल्या या तरुणाने. पुढच्या वर्षी लिव्हिंग्स्टनचा देह इंग्लंडला नेला, तेव्हाही तो सोबत होता. अक्षर कोरणारा माणूस म्हणून मला त्याच्याबद्दल विशेष जिव्हाळा वाटतो. तो स्वतः इथिओपियाचा नव्हता, पण आफ्रिकेतून आलेली सगळीच मुलं या विद्यार्थ्याच्या अभ्यासाचा विषय होती.

तर या विद्यार्थ्याकडे अम्हारिक भाषेतला दोन पानांचा मजकूर पेन ड्राइव्हवर होता. तो त्याला अरुंद रकान्यात, संकेतस्थळावर चढवता येईल असा मांडून हवा होता. पहिलं पान सुरळीत बसलं. दुसऱ्या पानाची ओळ मात्र ब्राउझरमध्ये तुटेचना. सगळं वाक्य एकाच लांबलचक शब्दासारखं रकान्याबाहेर धावत सुटलं. दोन्ही पानांचा फॉन्ट एकच, लिपी एकच, आणि दोन्हीकडे दोन शब्दांच्या मध्ये दोन टिंबं. मी पहिल्या पानावरच्या टिंबांपुढे कर्सर नेला: १३६१. दुसऱ्या पानावर नेला: आपलं ओळखीचं कोलन. पानं दोन वेगवेगळ्या माणसांनी टंकलेली होती. एकाने त्याच्या लिपीतलं चिन्ह वापरलं होतं, दुसऱ्याने हाताशी होतं ते.

इथिओपियात शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडण्याऐवजी उभी दोन टिंबं देण्याची फार जुनी रीत आहे. शिलालेखांत शब्द तोडायला उभी रेघ असे. हस्तलिखितांत तिची जागा टिंबांनी घेतली. ही दोन टिंबं म्हणजे 'हुलेत नेतिब', आणि वाक्य संपलं की चार टिंबं, 'अरात नेतिब'. स्वल्पविराम, अर्धविराम यांसाठी याच दोन टिंबांना आडव्या रेघांची जोड दिलेली असते. आजकाल छापील मजकुरात आणि फोनवर बहुतेक जण साधी मोकळी जागाच सोडतात. त्याचे वडील पत्र लिहिताना अजून टिंबं देतात, असं त्या विद्यार्थ्याने सांगितलं. आपल्याकडे मोडीत तर शब्द तोडायची पद्धतच नव्हती. बोरू टेकवला की ओळ संपेपर्यंत लिखाण सलग जाई. मोडी वाचायला बसलेल्या कुणालाही विचारा, त्याला या दोन टिंबांची किंमत लगेच पटेल.

या टिंबांना युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक मिळाला तो १९९९ साली, तिसऱ्या आवृत्तीत. इथिओपियाची सगळी मूळ लिपीच तेव्हा आत आली. तिचा मुख्य कप्पा १२०० पासून सुरू होतो. १३६१ हे शब्द तोडणारं चिन्ह, १३६२ पूर्णविराम, १३६३ स्वल्पविराम, १३६४ अर्धविराम. आणि इथे माझ्या मुद्द्याचा गाभा आहे: १३६५ हा त्यांच्या स्वतःच्या अपूर्णविरामाचा क्रमांक. म्हणजे त्यांचा अपूर्णविराम निराळा, शब्द तोडणारी टिंबं निराळी, आणि इंग्रजी कोलन तर कुठल्या कुठे, ५८ वर. दिसण्यावर जायचं असतं तर 'दोन टिंबं आहेतच की, वापरा तीच' असं म्हणून कुणी मोकळं झालं असतं. तसं झालं नाही. टिंबं काय काम करतात हे पाहून क्रमांक दिला गेला. आर्मेनियन लिपीतला पूर्णविरामही हुबेहूब कोलनसारखा दिसतो, पण त्याचा क्रमांक ०५८९, वेगळा. चेहरा सारखा म्हणून एकाच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढत नाही, तसंच हे.

क्रमांकासोबत त्या चिन्हाचं वागणंही ठरवून दिलेलं असतं. १३६१ बद्दलचा नियम असा, की त्याच्यानंतर ओळ तुटू शकते, आणि टिंबं आधीच्या ओळीच्या शेवटी राहतात, नव्या ओळीच्या तोंडाशी येत नाहीत. कोलनचा नियम याच्या उलट: कोलनला चिकटून पुढे अक्षर असेल तर तिथे ओळ तोडायची नाही. दुसऱ्या पानावर ब्राउझर बिघडला नव्हता, तो इमानाने नियम पाळत होता. आम्ही त्या पानावरची कोलनं १३६१ने बदलली आणि पान आपोआप रकान्यात बसलं. तो मुलगा हसून म्हणाला, आमच्याकडे चार टिंबांच्या पूर्णविरामासाठीही लोक दोन कोलनं शेजारी-शेजारी ठोकतात. अम्हारिक मजकूर संगणकाकडून वाचून घ्यायचा असेल तर आधी ही कोलनं निवडून काढावी लागतात, म्हणे. त्याचं ऐकताना मला आपल्या सगळ्या दैनिकांतलं 'स्वत:' आणि 'विशेषत:' डोळ्यांपुढे आलं.

त्या लिपीबद्दल आणखी थोडं सांगायचा मोह आवरत नाही, कारण तिचं आणि आपल्या लिपीचं नातं जवळचं वाटतं. तिथेही प्रत्येक व्यंजनात स्वर मुरलेला असतो आणि स्वर बदलला की अक्षराचा आकार थोडा बदलतो. मूळ लिपीत फक्त व्यंजनं होती; स्वरांच्या खुणा चौथ्या शतकाच्या सुमारास आल्या. त्यामागे भारतीय लिप्यांचा प्रभाव असावा, असं काही अभ्यासकांचं मत आहे. मला ते अशक्य वाटत नाही. त्याआधीच्या समुद्री व्यापाराच्या वर्णनांत तांबड्या समुद्रावरचं अडुलिस बंदरही येतं आणि आपलं भरुचही. आणि भरुचचं नाव तर आमच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यातल्या उषवदाताच्या शिलालेखात, आमच्या गोवर्धनाच्या नावासोबत कोरलेलं आहे. पुढे मलिक अंबरही त्याच मुलखातून इकडे आला.

संगणकात बसवताना मात्र दोन्ही लिप्यांची वाट वेगळी झाली. आपल्या 'हु'मध्ये दोन क्रमांक असतात, एक 'ह'चा आणि एक उकाराचा. इथिओपियाच्या लिपीत 'ह' १२०० वर आहे, आणि त्याचं उकाराचं रूप १२०१ वर, एकटं, अख्खं. अशी प्रत्येक व्यंजनाची सात रूपं, सातही वेगळ्या क्रमांकांची. अम्हारिकची तेहतीस मूळ अक्षरं धरली तरी हिशोब दोनशे एकतीसवर जातो. युनिकोडच्या आधी एका फॉन्टमध्ये इतकी अक्षरं मावतच नसत. त्यामुळे ती दोन-दोन फॉन्टांत वाटावी लागत, आणि एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की निव्वळ कचरा दिसे. हे दुःख मला कुणी समजावून सांगायला नको. आमच्या कपाटात जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली कितीतरी मराठी पुस्तकं सीडीवर पडून आहेत, आणि तो फॉन्ट नसेल तर त्यातली एक ओळ वाचता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. 'ह'सारख्या उच्चाराची त्यांच्याकडे तीन जुनी अक्षरं आहेत, १२००, १२१० आणि १२८० वर. जुन्या गीझ भाषेत ते तीन वेगळे उच्चार होते. आज अम्हारिकमध्ये ते एकच झाले आहेत. तरी अक्षरं तीन ठेवली, क्रमांक तीन दिले, कारण गीझ त्यांच्या चर्चची धर्मभाषा आहे आणि जुने ग्रंथ त्यात आहेत. आपल्याकडे 'श' आणि 'ष' यांचा उच्चार बहुतेकांच्या तोंडी एक झाला, म्हणून कुणी छापखान्यातून 'ष' काढून टाकत नाही, तसंच. मग विसर्गावरच ही पाळी का?

कोलनमुळे रोजच्या कामात काय घडतं, ते माझ्या दुकानातलंच सांगते. संतसाहित्यावरच्या एका ग्रंथाची शब्दसूची आम्ही करत होतो. प्रकरणं वेगवेगळ्या ठिकाणी टंकलेली. संगणकाने सूची लावून दिली त्यात 'दुःख' दोनदा, 'अंतःकरण' दोनदा, आणि प्रत्येक नोंदीपुढे वेगळी पानं. ज्या वाचकाला तुकोबांच्या अभंगांत दुःखाचा विचार शोधायचा आहे, त्याच्या हाती अर्धीच पानं लागली असती.

एका गुरुजींना 'प्रात:स्मरण' या नावाने फाइल ठेवायची होती. विंडोजमध्ये फाइलच्या नावात कोलन चालतच नाही. संगणक 'हे चिन्ह वापरता येणार नाही' म्हणतो, आणि माणसाला वाटतं मराठी चालत नाही. मी विसर्ग घालून 'प्रातःस्मरण' लिहून दिलं, फाइल जतन झाली. मराठीवर हा आळ उगाच येतो, आणि असे आळ साचत गेले की लोक फाइलची नावं इंग्रजीत द्यायला लागतात.

सर्वांत जास्त वाईट मला आमच्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांमुळे वाटतं. त्यांना दिसत नाही. रोज सकाळी ते मोबाइलवर आपलं दैनिक ऐकतात. विसर्ग असला की यंत्र शब्दाचा उच्चार करतं. कोलन असलं की त्यांच्या फोनवरचं यंत्र तिथे थांबतं, आणि सेटिंग तसं असेल तर चक्क 'कोलन' म्हणतं. 'मंत्र्यांनी स्वत: पाहणी केली' हे वाक्य त्यांच्या कानावर 'मंत्र्यांनी स्वत', मग थांबा, मग 'पाहणी केली' असं पडतं. 'दु:खद निधन'चं काय होतं ते आपणच मोबाइलवर लावून ऐकावं. निधनवार्ता रोज येतात. निदान त्या तरी नीट वाचल्या जाव्यात.

उलटी चूकही बोकाळली आहे, तीही सांगायला हवी. विसर्ग कुठे मिळतो हे कळल्यावर काही जण जिथे खरोखर अपूर्णविराम हवा तिथेही विसर्ग देतात. 'स्थळः', 'वेळः', 'विवाहमुहूर्तः' अशा पत्रिका आमच्याकडे नमुन्याला येतात. आपल्या छोट्या जाहिरातींतही 'संपर्कः' असं मी वाचलेलं आहे. तिथे कोलनच हवं. मला कोलनचा राग नाही, 'सकाळी १०:३०' मध्ये त्याच्यावाचून चालणार नाही.

दोन्हींतला फरक डोळ्यांनाही दिसतो. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये विसर्गाची टिंबं शिरोरेषेखाली, अक्षराच्या उंचीशी मेळ राखून बसवलेली असतात. कोलन इंग्रजी अक्षरांच्या मापाने काढलेलं असतं. ते बुटकं पडतं, खाली सरकतं. आपल्या पहिल्या पानावरच्या जाड मथळ्यात 'नि:पक्ष' येतो, तेव्हा मला ती दोन टिंबं दुरूनच परकी वाटतात.

हे झालं कसं, याचा मला अंदाज आहे. आम्ही ज्या जुन्या फॉन्टवर हात बसवला, त्यात दोन्हींसाठी एकच कळ वापरायची सवय सगळ्यांनाच लागली होती, आणि छापील पानावर काही बिघडत नव्हतं. फॉन्ट बदलले, युनिकोड आला, बोटं मात्र तीच राहिली. पुढे नव्या मुलांनी जुन्यांचं पाहून उचललं. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाणित कळफलकावर शिफ्ट धरून शून्याच्या उजवीकडची कळ दाबली की खरा विसर्ग येतो. पण हे कुणी शिकवलेलंच नसतं.

आता माझी विनंती. आपल्या संपादकीय विभागाने आणि संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांनी हे एकदा मनावर घ्यावं. कामाला वेळ फारसा लागत नाही, मी माझ्या दुकानात हेच करते. शब्दाच्या पोटात, म्हणजे दोन्ही बाजूंना देवनागरी अक्षर चिकटून असलेलं कोलन सापडलं की तिथे जवळपास नेहमीच विसर्ग हवा असतो: दु:ख, अंत:करण, नि:शुल्क, मन:पूर्वक, अध:पतन, स्वत:ची, स्वत:ला. ही सरसकट बदलता येतात. फक्त 'वेळ:सायंकाळी' असं जागा न सोडता टंकलेलं असेल तर ते हाताने पाहावं लागतं. आकड्यांमधल्या कोलनला हात लावायचा नाही. शब्दाच्या शेवटी मात्र सरसकट बदल करता येत नाही, कारण 'ते म्हणाले:' इथे कोलन बरोबरच आहे. तिथे शब्दांची यादी लागते: स्वतः, विशेषतः, सामान्यतः, मुख्यतः, अंशतः, वस्तुतः, मूलतः, अक्षरशः, क्रमशः, शब्दशः, बहुशः, आणि अशीच 'तः', 'शः'वाली इतर. संस्कृत वचनं आणि स्तोत्रं यांची यादी वेगळी ठेवावी. 'नम:' तर घाटावरच्या दर दुसऱ्या फलकावर कोलनसह उभं आहे.

एवढं नव्या मजकुराला लावलं तरी पुष्कळ झालं. पण जुन्या संग्रहालाही लावावं, असा माझा आग्रह आहे. आपल्या दैनिकाचा संग्रह म्हणजे या जिल्ह्याची स्मृती आहे. महापुराच्या बातम्या, कांद्याची आंदोलनं, साहित्य संमेलनांचे वृत्तांत, सगळं त्यात आहे. उद्या एखादी विद्यार्थिनी 'पुनःस्थापना' किंवा 'निःक्षारीकरण' शोधेल आणि तिला उत्तर मिळेल, 'असा शब्द सापडला नाही'. बातमी मात्र तिथेच असेल.

हीच कथा 'ॲ'ची आहे, तीही जाता जाता सांगते. मराठीसाठी 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ साली, तो ०९७२. त्याआधी 'अ'वर चंद्र चढवून भागवत. आजही अर्धे लोक तसंच टंकतात. दोन्ही दिसतात सारखेच, पण 'ॲप' शोधलं की जुन्या पद्धतीने लिहिलेला शब्द सापडत नाही. आपल्या एकाच बातमीत, मथळ्यात एक आणि मजकुरात दुसरा, असे दोन्ही मी पाहिले आहेत. विसर्गाचं काम हाती घेतलं तर याचंही त्याच बैठकीत होऊन जाईल.

२०२७चा सिंहस्थ जवळ आला आहे. फलक, पत्रकं, मोबाइलवरची माहिती, 'निःशुल्क' सेवांच्या याद्या, स्नानाच्या तिथी, सगळं मराठीत निघेल, आणि त्याचा बराचसा मजकूर दैनिकांतूनच उचलला जाईल, हा आमच्या धंद्याचा अनुभव आहे. आपल्याकडे जे टंकलं जातं तेच दहा दुकानांत चिकटवलं जातं. म्हणून ही विनंती आत्ता, कामाची गर्दी उसळण्याआधी करते आहे. महापालिकेच्या आणि इतर कचेऱ्यांच्या मजकुराबद्दलही मी याच अर्थाचं पत्र देणार आहे, पण आपलं दैनिक आधी, कारण ते मी रोज वाचते.

युनिकोडमध्ये एकदा दिलेला क्रमांक कधी काढून घेत नाहीत किंवा बदलत नाहीत. विसर्ग ०९०३ वरच राहणार आहे, तेव्हा आज केलेली दुरुस्ती पुन्हा करावी लागणार नाही.

मी केलेली शब्दांची यादी सोबत जोडली आहे. शोधून बदलण्याची छोटी आज्ञावलीही तयार आहे. आपल्या संगणक विभागातल्या कुणाला हवी असल्यास दुकानातून घेऊन जावी किंवा मी कार्यालयात आणून देईन. त्यासाठी काही आकारणार नाही. यादीत जे शब्द राहून गेले असतील ते आपल्या मुद्रितशोधकांनी भरावेत आणि शक्य झाल्यास वाचकांसाठी ती छापावी, म्हणजे माझ्यासारखे इतर अक्षरजुळणी करणारेही ती वापरू शकतील.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक अक्षरजुळणीकार, रविवार कारंजा, नाशिक